साखरेच्या खतावणीतील माणसे



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना इतिहास हा राजांच्या वंशावळीपेक्षा बाजारातील जिनसांच्या भावांवरून शिकविण्याची आवड होती, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. त्या आवडीला स्मरून मी आज एका जिनसेविषयी बोलणार आहे. ही जिन्नस आपणा सर्वांच्या घरी ओट्याजवळच्या डब्यात आहे. मूल जन्मले, परीक्षेत कोणी उत्तीर्ण झाले, लग्न ठरले, की आपण ती मूठभर दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. ती जिन्नस म्हणजे साखर. आणि साखरेविषयी बोलायचे म्हणजे, निदान तीन-चारशे वर्षांच्या कालखंडापुरते तरी, गुलामगिरीविषयी बोलणे प्राप्त आहे.

गुलामगिरी हा शब्द उच्चारताच मराठी माणसाला जोतीराव फुल्यांचे १८७३ सालचे पुस्तक आठवते. अमेरिकेतील ज्या लोकांनी काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले. पुण्यात बसून सातासमुद्रांपलीकडच्या दास्याशी आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दास्याचे नाते ओळखणाऱ्या त्या पुरुषाच्या दृष्टीला आपण वंदन केले पाहिजे. परंतु त्या अर्पणपत्रिकेमुळे म्हणा, किंवा पुढे वाचनात आलेल्या कथाकादंबऱ्यांमुळे म्हणा, गुलाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या मळ्यातला गुलाम. हे चित्र खोटे नाही, पण ते फार अपुरे आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. आणि आज ज्यांना आपण अमेरिकेची संयुक्त संस्थाने म्हणतो त्यांच्या किनाऱ्यावर थेट उतरलेल्यांची संख्या ४ लाखांहूनही कमी आहे. मग बाकीचे एक कोटी कोठे गेले? ब्राझीलमध्ये गेले, बार्बाडोसला गेले, जमैकाला, मार्टिनिकला, ग्वादलूपला, सें-दोमांगला, क्यूबाला, सुरिनामला आणि गियानाला गेले. काहींच्या वाट्याला खाणी आल्या, काहींच्या कॉफी, काहींच्या तंबाखू. पण ज्या एका पिकाने ही सारी वाहतूक पोसली, वाढविली आणि शतकानुशतके चालू ठेवली, ते पीक म्हणजे ऊस.

या उसाचा प्रवास आपल्याच दाराशी सुरू झाला, हे सांगताना मला अभिमान वाटावा की संकोच, हे मला ठरविता आलेले नाही. वनस्पती मूळची न्यू गिनीकडची. परंतु तिचा रस आटवून त्याचे दाणेदार खडे करण्याची कला प्रथम भारतात सिद्ध झाली, याची साक्ष शब्दच देतात. आपल्या शर्करेची फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली, आणि इंग्रजांपासून इटालियनांपर्यंत साऱ्या युरोपने तोच शब्द थोडा वाकवून घेतला. आपला खंडही असाच अरबांच्या हातून पश्चिमेकडे जाऊन तेथल्या मिठाईचे नाव होऊन बसला. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राकाठी नेला. पोर्तुगीजांनी पंधराव्या शतकात तो मादेइरा बेटावर आणि नंतर आफ्रिकेला लगटून असलेल्या साओ तोमेवर लावला, आणि तेथेच प्रथम एक मोठा मळा, एक गुऱ्हाळ, एक मालक आणि विकत आणलेली आफ्रिकन माणसे ही जोडणी जमून आली. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीस निघाला तेव्हा त्याच्या जहाजांत उसाचे बेणे होते. बेणे आधी गेले. माणसे मागाहून गेली.

आता माझ्या पहिल्या मुद्द्याकडे येतो, आणि त्यावर मी सर्वांत अधिक वेळ थांबणार आहे, कारण तो समजल्यावाचून पुढचे काहीच समजत नाही. मुद्दा असा की, उसाचा स्वभावच घाईचा आहे. गहू कापून खळ्यावर ठेवता येतो, कापूस वखारीत महिनोन् महिने पडू शकतो. ऊस एकदा तोडला की चोवीस तासांच्या मागेपुढे त्याचा रस आंबू लागतो. तोडलेला ऊस चरकात, चरकातला रस चुलीवर, आणि चुलीवरचा पाक साच्यात, ही साखळी कोठेही थांबून चालत नाही. आपल्यापैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले असेल, रात्रभर चुलवाणात चिपाडे सारणारा माणूस, काहिलीवरची वाफ, मळी काढणारा झारा आणि पाक नेमका केव्हा उतरवायचा ते केवळ बुडबुड्यांवरून सांगणारा गुळव्या ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही घाई मुद्दाम समजावून सांगण्याचे कारण नाही. हेच गुऱ्हाळ शेकडो एकरांच्या मळ्याला जोडलेले आहे, हंगाम जानेवारीपासून मे-जूनपर्यंत चालणारा आहे, चरक रात्रंदिवस फिरतो आहे, आणि त्याला ऊस पुरविणाऱ्या दोन-अडीचशे माणसांना नाही म्हणण्याची, निघून जाण्याची किंवा उद्या येतो म्हणण्याची मुभा नाही, अशी कल्पना करा. ती कल्पना म्हणजे अठराव्या शतकातील जमैका.

या मळ्यांत माणसांच्या टोळ्या पाडलेल्या असत. पहिल्या टोळीत धडधाकट पुरुष आणि स्त्रिया. किंबहुना पुढे पुढे जमैकाच्या शेतटोळ्यांत स्त्रियाच अधिक असत, कारण गवंडी, सुतार, पाक उतरविणारे अशा कसबी कामांवर पुरुष घेतले जात आणि कुदळीला बाया उरत. दुसऱ्या टोळीत अर्धीमुर्धी वाढलेली मुले आणि थकत चाललेली माणसे. तिसरीत पाच-सहा वर्षांपासूनची बालके; त्यांच्याकडे तण काढणे आणि जनावरांसाठी गवत आणणे. लावणीच्या वेळी चार-पाच फूट लांबरुंद आणि पाच-सहा इंच खोल असे खड्डे ओळीने हातकुदळीने खणावे लागत, त्यांत कांड्या ठेवाव्या लागत, आणि शेणखताच्या पाट्या डोक्यावरून वाहून त्यांवर पसराव्या लागत. नांगर त्या काळी अज्ञात होता काय? मुळीच नाही. तो वापरण्याच्या सूचनाही झाल्या होत्या. पण हंगामात कापणीसाठी एवढी माणसे पोसलेलीच होती. मग लावणीच्या दिवसांत त्यांचे हात मोकळे का ठेवायचे, असा तो हिशेब होता. हा हिशेब शब्द लक्षात ठेवा. तो आज पुन्हा पुन्हा येईल.

चरकाला तीन उभे रूळ असत. ऊस त्यांच्यामध्ये हाताने सारावा लागे, आणि हे काम बहुधा बायकांकडे असे. सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाच्या डोळ्यावर रात्री तीनच्या सुमारास झापड येणारच. बोटे उसाबरोबर आत जाणारच. आणि बैल, पाणी किंवा वारा यांनी फिरणारा तो चरक एकाएकी थांबत नसे. म्हणून चरकाजवळ एक कुऱ्हाड ठेवलेली असे. ती उसासाठी नव्हे. ती सापडलेला हात खांद्यापासून तोडून उरलेले माणूस वाचविण्यासाठी होती. श्रोतेहो, अपघात हा अकस्मात घडतो, म्हणून त्याला अपघात म्हणतात. ज्या अपघातासाठी हत्यार आधीच परजून ठेवलेले असते, त्याला काय म्हणावे?

उकळीघरात तांब्याच्या काहिलींची एक रांग असे, मोठीकडून लहानीकडे उतरत जाणारी, आणि सर्वांखाली एकच आग. रस एका काहिलीतून पुढच्या काहिलीत मोठ्या पळ्यांनी ओतत न्यायचा, चुना घालून मळी वर आणायची, ती काढायची, आणि शेवटच्या लहान काहिलीत पाक आला की तो अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ताणून त्याची तार पाहायची. ही तार ओळखणारा माणूस गुलामच असे. मालकाची सारी वर्षाची आमदनी त्याच्या दोन बोटांवर अवलंबून असे. आणि तरीही मळ्याच्या यादीत तो खेचरांच्या आणि बैलांच्या शेजारच्या पानावर, किंमत लावून, नोंदलेला असे. पुढे ज्याला कारखाना म्हणू लागले, ते घड्याळ, ती पाळी, ती श्रमविभागणी, तो न थांबणारा यंत्राचा फेरा, हे सारे मँचेस्टरच्या गिरण्यांच्या शंभर वर्षे आधी बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यात अस्तित्वात होते. फरक एवढाच की गिरणीच्या मालकाला मजूर रोजीने मिळे, आणि येथे तो जन्मभरासाठी, त्याच्या पोटच्या मुलांसकट, खरेदीखताने मिळत असे.

बार्बाडोसचे नाव आले म्हणून सांगतो. या चिमुकल्या बेटावर इंग्रजांनी १६२७ साली वसाहत केली तेव्हा तेथे तंबाखू आणि कापूस होता, आणि कष्ट करणारे पुष्कळसे मजूर इंग्लंड-आयर्लंडमधून मुदतीच्या करारावर आणलेले गोरे होते. १६४० नंतरच्या दशकात ऊस आला. पुरती चाळीस वर्षेही उलटली नव्हती तोच, १६८० च्या सुमारास, त्या बेटावर सुमारे ३८ हजार आफ्रिकन गुलाम होते, लहान शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या मळेवाल्यांनी गिळल्या होत्या आणि जंगल बहुतेक साफ झाले होते. १६६१ साली तेथल्या विधिमंडळाने गुलामांसंबंधी जो कायदा केला, त्याचे अनुकरण जमैकाने आणि पुढे अमेरिकेतील दक्षिणेच्या वसाहतींनी केले. फ्रेंचांनी १६८५ साली आपली स्वतंत्र संहिता काढली. हे कायदे वाचताना मन विषण्ण होते, ते त्यांतील शिक्षांच्या क्रौर्यामुळे तर होतेच. परंतु त्यांच्या भाषेत कोठेही राग नाही, द्वेष नाही, केवळ मालमत्तेच्या व्यवस्थेची काळजी आहे, याने ते अधिक होते.

धर्माने काय केले? एकच उदाहरण देतो. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन नावाच्या धनाढ्य मळेवाल्याने १७१० साली मरताना बार्बाडोसमधले आपले मळे, त्यांवरच्या गुलामांसह, ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या एका इंग्रज संस्थेस दान दिले. धर्मसंस्था मळ्याची मालक झाली. आणि या संस्थेच्या गुलामांच्या छातीवर, तापवलेल्या लोखंडाने, संस्था या अर्थाचा ‘सोसायटी’ हा इंग्रजी शब्द उमटविला जाई. मी यावर अधिक भाष्य करीत नाही.

आता दुसरा मुद्दा: मरणाचा हिशेब. जमैकात गुलामगिरीच्या साऱ्या काळात सुमारे १० लाख आफ्रिकन उतरविले गेले. त्यांतील काही पुढे अन्य वसाहतींत विकले गेले, ते सोडून द्या. १८३४ साली मुक्ततेच्या वेळी जमैकातील गुलामांची संख्या किती होती? ३ लाख १० हजारांच्या आसपास. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. उत्तर अमेरिकेत ४ लाखांहून कमी आले, आणि १८६० साली तेथील गुलामांची संख्या जवळजवळ ४० लाख होती. एके ठिकाणी माणसे दहापट झाली, दुसऱ्या ठिकाणी एक-तृतीयांशाहूनही कमी उरली. कापसाचा मालक उसाच्या मालकाहून दयाळू होता म्हणून असे झाले काय? तसे मानण्यास काहीही आधार नाही. दोहोंमधला सर्वांत मोठा भेद पिकाचा होता. उसाच्या मळ्यात जन्मांहून मृत्यू अधिक होत. गरोदर बाई कुदळीवर असे. तान्हे मूल बांधावर असे आणि अशी कितीतरी मुले पाच वर्षांची होण्यापूर्वीच दगावत. नव्याने उतरलेल्यांपैकी पाव ते एक-तृतीयांश माणसे पहिल्या तीन वर्षांतच जात, आणि या काळाला मळेवाले हवापाणी मानवण्याचा काळ म्हणत. एका मुलाला जन्मापासून कामाच्या वयापर्यंत पोसण्यास जो खर्च येई, त्याहून जहाजातून उतरलेला वीस वर्षांचा जवान विकत घेणे अनेक मळेवाल्यांना स्वस्त वाटे. म्हणून ते विकत घेत, वापरीत, आणि संपला की पुन्हा विकत घेत. गुलामांचा व्यापार एवढा प्रचंड का झाला, याचे उत्तर येथे आहे.

थॉमस थिसलवुड नावाचा एक इंग्रज १७५० साली जमैकात मुकादम म्हणून आला आणि १७८६ साली तेथेच मेला. या छत्तीस वर्षांत त्याने रोजनिशी लिहिली. पाऊस किती पडला, बागेत कोणते फूल आले, कोणते पुस्तक मागविले, कोणाला किती फटके मारले, कोणत्या स्त्रीवर केव्हा बळजबरी केली, सारे एकाच शाईने आणि एकाच संथ अक्षराने. त्यात एका गुलामाला दिलेल्या एका शिक्षेची नोंद आहे, तिचा तपशील मी या सभागृहात उच्चारू शकत नाही. अपराध मात्र सांगतो. त्या माणसाने शेतातला ऊस खाल्ला होता. स्वतः खणलेल्या खड्ड्यात, स्वतः लावलेला ऊस.

आणि ऊस चोरून खाण्याइतके उपाशी का राहावे लागे? कारण सारी सपाट जमीन उसाखाली आणि अन्न समुद्रापलीकडून. अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड केले, धान्याची जहाजे थांबली, वरून वादळे आली, आणि १७८० नंतरच्या काही वर्षांत जमैकात १५ हजार गुलाम अन्नान्न करून मेले, असे खुद्द तेथल्या विधिमंडळाने नमूद केले. तेव्हा काय तजवीज झाली? दक्षिण समुद्रातल्या ताहितीहून नीरफणसाची रोपे आणावीत, म्हणजे गुलामांना स्वस्तात पोसता येईल, अशी योजना निघाली. ‘बाउंटी’ जहाजावरचे बंड आपण साहसकथा म्हणून वाचतो. ते जहाज कशासाठी निघाले होते, हे फारच थोडे वाचक लक्षात ठेवतात. ते या नीरफणसासाठी निघाले होते. दुसऱ्या खेपेस, १७९३ मध्ये, रोपे पोहोचली.

समुद्राचा विषय निघालाच आहे. १७८१ साली ‘झाँग’ नावाचे जहाज जमैकाकडे जात असता खलाशांनी सव्वाशेहून अधिक जिवंत आफ्रिकनांना समुद्रात फेकले, आणि परतल्यावर मालकांनी विम्याची रक्कम मागितली. १७८३ साली लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिला, तो खुनाचा नव्हे. विमा द्यावा की देऊ नये, एवढाच वाद होता. त्या हत्येबद्दल कोणावरही फौजदारी झाली नाही.

हे सारे कोणासाठी चालले होते? १७०० साली इंग्लंडात दरडोई वर्षाला सुमारे ४ पौंड साखर खाल्ली जात होती. १८०० साली ती सुमारे १८ पौंड झाली. जी जिन्नस पूर्वी सरदारांच्या मेजवानीत दिसे, ती चहाच्या पेल्यातून गिरणीमजुराच्या झोपडीत शिरली. ही गोड चहाची सवय साम्राज्याला केवढी मोलाची होती, ते १७६३ च्या पॅरिसच्या तहात दिसते: फ्रान्सने अवाढव्य कॅनडा इंग्लंडला देऊन टाकला आणि ग्वादलूपचे बेट परत मागून घेतले. लंडनचा दोनदा लॉर्ड मेयर झालेला विल्यम बेकफर्ड हा जमैकाचा मळेवाला होता. लिव्हरपूल, ब्रिस्टल, नांत, बोर्दो या बंदरांचे वैभव याच व्यापारावर चढले. या नफ्याचा यंत्रयुगाला कितपत हातभार लागला, याविषयी १९४४ साली इतिहासकार एरिक विल्यम्स यांनी मांडलेला सिद्धान्त आजही वादाचा आहे. पण हातभार लागला, यात मला संदेह नाही.

तिसरा मुद्दा प्रतिकाराचा. गुलामांना कोणी दयाळू गृहस्थांनी सोडविले, हा समज मी माझ्या तरुणपणी बाळगून होतो, आणि तो टाकायला मला पुष्कळ वर्षे लागली. गुलामगिरीविरुद्ध झगडलेल्या विल्बरफोर्स, क्लार्कसन या इंग्रजांचे ऋण आहेच. १७९१ नंतर इंग्लंडातील असंख्य कुटुंबांनी वेस्ट इंडिजची साखर वर्ज्य केली. क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे अशा माणसांची संख्या ३ लाखांपर्यंत होती, आणि हा बहिष्कार घरोघरच्या स्त्रियांनी चालविला. पुढे तर ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनविलेली’ अशा अर्थाची अक्षरे रंगविलेली साखरपात्रे तेथे विकली जात होती. ती ईस्ट इंडिया म्हणजे आपणच. मात्र कंपनीच्या राज्यातील गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या पाचव्या कायद्यापर्यंत टिकून होती, हे त्या पात्रांवर लिहिलेले नव्हते.

परंतु मुख्य घाव घातला तो गुलामांनी स्वतः. सें-दोमांग ही फ्रेंचांची वसाहत १७८९ साली जगातील सर्वांत श्रीमंत वसाहत होती. तेथे जवळजवळ ५ लाख गुलाम होते आणि गोरे अवघे ३० हजारांच्या आसपास. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या मैदानात बंड पेटले. बंडवाल्यांनी उसाचे फड जाळले, चरक मोडले, काहिली फोडल्या. ज्या यंत्राने आपली हाडे दळली ते यंत्रच आधी मोडले पाहिजे, हे त्यांना सांगण्यास कोणा तत्त्ववेत्त्याची गरज पडली नाही. तूसाँ लूव्हेर्त्यूर, एकेकाळचा गुलाम, त्यांचा सेनापती झाला. १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा लादू पाहिली. तूसाँला कपटाने पकडून फ्रान्सच्या डोंगरी तुरुंगात ठेवले आणि तो तेथे १८०३ च्या एप्रिलमध्ये मेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नेपोलियनच्या फौजेचा अखेरचा पराभव झाला, आणि १ जानेवारी १८०४ रोजी तूसाँचा सहकारी सेनानी देसालीन याने या वसाहतीचे, हैती या नावाने, स्वातंत्र्य घोषित केले. इंग्रजांच्या जमैकात १८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्प या धर्मोपदेशक गुलामाने काम बंद पाडण्याचा बेत रचला, त्याचे बंड झाले, हजारो गुलाम त्यात उतरले, तीनशेहून अधिकांना मृत्युदंड मिळाला, आणि मे १८३२ मध्ये शार्प फासावर गेला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा संमत केला.

आणि आता हिशेबाचे शेवटचे पान.

हैतीला स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागली. १८२५ साली फ्रान्सने लढाऊ जहाजे पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. ते पूर्वीच्या मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईसाठी. रक्कम पुढे ९ कोटींवर आली. पण ती फेडण्यासाठी कर्ज, त्या कर्जासाठी दुसरे कर्ज, असे करीत १९४७ पर्यंत तो गरीब देश ते ओझे वाहत राहिला. इंग्लंडने १८३३ च्या कायद्याने २ कोटी पौंड भरपाई दिली. ही रक्कम त्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के होती. ती कोणाला दिली? मालकांना. गुलामांना एक पेनीही नाही. उलट त्यांना शिकाऊ उमेदवार असे नाव देऊन आणखी चार वर्षे, आठवड्यात चाळीसहून अधिक तास, त्याच मालकाकडे बिनपगारी राबविले गेले. ही भरपाई देण्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटिश तिजोरीने अखेर केव्हा फेडले असेल, असे आपल्याला वाटते? २०१५ साली. म्हणजे त्या गुलामांचे जे वंशज पुढे इंग्लंडात येऊन राहिले, कष्ट करू लागले, कर भरू लागले, त्यांच्या करातूनही आपल्या पूर्वजांच्या मालकांची भरपाई चुकती झाली.

या भरपाईच्या दफ्तरात एक नाव आहे: जॉन ग्लॅडस्टन. ज्या ग्लॅडस्टनसाहेबाला आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी उदारमतवादाचा पुतळा मानीत असे, त्या पंतप्रधानाचे हे वडील. गियानातील डेमेरारा भागात ‘सक्सेस’ नावाचा त्यांचा मळा होता. १८२३ सालचे तिथले मोठे बंड याच मळ्यावर उठले आणि रक्तात बुडविले गेले. १८३३ मध्ये तरुण पुत्राने पार्लमेंटात पहिले महत्त्वाचे भाषण केले, ते वडिलांच्या मळ्यावरील कारभाराच्या बचावासाठी. वडिलांना अडीच हजारांवर गुलामांपोटी १ लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. आणि मग? मग उसाला हात कोणाचे? त्यांनी १८३६ साली कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून मजुरांची चौकशी केली, आणि मे १८३८ मध्ये दोन जहाजे भरून भारतीय मजूर डेमेराऱ्यात उतरले. तोच मालक, तोच ऊस, तेच चरक. करारावर मजूर नेण्याच्या या पद्धतीलाच आपण गिरमिट म्हणतो.

येथे मला काळजीपूर्वक बोलले पाहिजे. गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे. गिरमिटाला मुदत होती, मुशाहिरा होता, मुले मालकाची होत नव्हती, आणि काही माणसे परत आली. पण पाच वर्षांच्या करारनाम्यावर अंगठा उठविणाऱ्या माणसाला काय ठाऊक असे? मॉरिशसमध्ये एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापला जाई, आणि मळा सोडला की तुरुंग होता. आपल्या नामदार गोखल्यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीच्या मजूरभरतीविरुद्ध आणि १९१२ मध्ये साऱ्या गिरमिट पद्धतीविरुद्ध वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणले. पहिला मान्य झाला. दुसरा सरकारी मतांच्या जोरावर पाडला गेला. पद्धत बंद होऊ लागली ती १९१७ मध्ये, गोखले गेल्यानंतर दोन वर्षांनी.

मॉरिशसची गोष्ट मी मुद्दाम अखेरीस ठेवली आहे, कारण त्या बेटाशी आपला रक्ताचा संबंध आहे. रत्नागिरीकडची, कोकणातली माणसे मुंबई बंदरातून तेथे गेली. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवितात, त्यांची मुले शाळेत मराठी शिकतात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. १८३४ पासून पाऊण शतकाहून अधिक काळात सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे उतरले. हे मजूर जेथे उतरत, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या दगडी पायऱ्यांवर आपल्यापैकी काहीजण उभे राहिले असतील आणि त्यांचे डोळे भरून आले असतील. भरून यावेतच. परंतु आपली माणसे ज्या झोपड्यांत राहायला गेली, त्या कोणाच्या होत्या? ज्या फडांत त्यांनी कोयता धरला, ते धोंडे वेचून कोणी साफ केले होते? मादागास्कर आणि मोझांबिकहून, आणि काही तर आपल्याच मलबार-बंगालकडून, पकडून आणलेल्या गुलामांनी. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे साठ हजारांहून अधिक गुलाम कायद्याने मुक्त झाले. मालकांना २० लाख पौंडांहून अधिक मिळाले. आणि मुक्त झालेल्या माणसांनी उमेदवारी संपताच उसाच्या शेताकडे पाठ फिरविली, ती त्यांपैकी बहुतेकांनी पुन्हा तिकडे पाहिले नाही. त्यांच्या रिकाम्या जागी आपले लोक उभे केले गेले.

त्या बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा काळ्या पाषाणाचा एक उभा कडा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. पायथ्याशी आता त्यांचे स्मारक आहे. मॉरिशसने १ फेब्रुवारी हा गुलाममुक्तीचा आणि २ नोव्हेंबर हा गिरमिट मजुरांच्या आगमनाचा, असे दोन्ही दिवस राष्ट्रीय सुट्यांत धरले आहेत. आपल्यापैकी जे कोणी पुढे तेथे जातील, त्यांना माझी एकच विनंती आहे: आप्रवासी घाटावर अवश्य जा, पण त्याआधी एक दिवस ल मॉर्नला जा.